न दिलेली हाक

डोंगराच्या पायथ्याशी सागाचे एक रान होते. त्या रानातला ओढा जिथे वळण घेऊन डोहात थांबतो, तिथे एक हरिणी राहायची. तिचे नाक मोठे तिखट होते. वाऱ्याबरोबर आलेला वास कुणाचा, तो किती लांबून आला आणि कुणीकडे चालला, हे तिला पान हलायच्या आत कळे. डोहाच्या काठावर एक उंच बेहडा होता आणि त्याच्यावर एक वानरी राहायची. मुलांनो, तुम्ही कधी रानात गेलात तर नीट पाहा, हरणे आणि वानरे पुष्कळदा जवळजवळ वावरताना दिसतात. त्याला कारण आहे. वानराला उंचावरून लांबचे दिसते, हरणाला जमिनीवर उभ्याउभ्या लांबचा वास येतो. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही.

या दोघींचेही तसेच होते. वानरी झाडावर असली की पहारा तिचा. ती पाणी प्यायला खाली उतरली की पहारा हरिणीचा. हे त्यांनी कधी बोलून ठरवले नव्हते, पण तीन उन्हाळे ते बिनबोभाट चालले होते. वानरी पाला खाताना निम्मा खाली टाकी आणि हरिणी तो निवांत वेचून खाई. दुपारी दोघी गप्पा मारत. वानरी बोलकी होती, हरिणी ऐकणारी.

हरिणीच्या हाकेला त्या रानात मान होता. तिने हाक दिली की नीलगाय तोंडातला घास तसाच ठेवून पळायची. रानडुकरीण तर म्हणायची, "हरिणी जवळपास असली की मी बिनघोर डोळे मिटते." हे ऐकून हरिणीला बरे वाटे. खरे सांगायचे तर फारच बरे वाटे. कुणी तिच्या डोळ्यांचे, ठिपक्यांचे कौतुक केले तर ती ते विसरून जाई. पण 'हरिणी भरवशाची' हे दोन शब्द मात्र ती दिवसभर मनात घोळवीत बसे.

चैत्र संपत आला होता. ओढा आटला होता आणि पाणी काय ते डोहातच उरले होते. एका दुपारी वानरी आपले पिल्लू पोटाशी धरून खाली उतरली.

"लक्ष ठेव गं," ती म्हणाली.

"पी तू सावकाश. मी आहे," हरिणी म्हणाली.

वानरी हरिणीकडे पाठ करून पाण्यावर वाकली. तेवढ्यात करवंदीच्या जाळीकडून वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिच्याबरोबर वास आला. बिबट्याचा वास होता तो, आणि तो अगदी जवळून येत होता. हरिणीचे कान ताठ झाले. हाक द्यायची म्हणून तिने तोंड उघडले. पण श्वास छातीत अडकला आणि गळ्यातून आवाज फुटेना. आपण हाक दिली तर बिबट्या आधी आपल्याकडे पाहील, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात आला. तिने वानरीच्या पाठीकडे पाहिले. मग मान वळवली. वाळक्या पानांवर पाय वाजू नये म्हणून एकेक खूर जपून टाकत ती मागे सरली, आणि झाडांच्या आड गेल्यावर जी सुटली ती माळावर पोहोचेपर्यंत थांबली नाही. मागून जाळी खसखसल्याचा आणि वानरी किंचाळल्याचा आवाज तिने ऐकला. तिने वळून पाहिले नाही.

उरलेला सारा दिवस हरिणी माळावर उभी राहिली. तिला गवत गोड लागेना. ती स्वतःशी म्हणत राहिली, मी हाक दिली होती. दिली असेलच. इतकी वर्षे देत आले, तेव्हाच कशी देणार नाही? घाईत मला आठवत नाही इतकेच.

दुसऱ्या सकाळी ती भीतभीत बेहड्याखाली आली. वानरी फांदीवर बसली होती. पिल्लू तिच्या कुशीत होते. दोघेही वाचले होते, पण वानरीच्या शेपटीचे टोक वीतभर तुटले होते आणि ती ते हळूहळू चाटत होती. हरिणीला पाहून तिने चाटायचे थांबवले.

मग वानरी म्हणाली, "काल वारा उलटा होता, नाही का? तुला वास आला नसेल."

हरिणीने खाली पाहिले. "हो," ती म्हणाली. "वारा उलटाच होता."

"मग काय करणार," वानरी म्हणाली आणि तिने पाल्याचा एक डहाळा खाली टाकला. हरिणीने तो खाल्ला. विषय तिथे संपला. निदान बाहेरून तरी संपला.

पण त्या दिवसापासून हरिणीला वानरीच्या वागण्यात काहीबाही दिसू लागले.

वानरी पूर्वी खालच्या फांदीवर बसायची, आता वरच्या फांदीवर बसू लागली. शेपटी दुखत होती म्हणून तोल सावरायला तिला वरची रुंद बेचकी बरी पडत होती. हरिणीला मात्र वाटले, ही वर का गेली? पळायला सोपे जावे म्हणून. वानरी पूर्वी भरभरून बोलायची, आता जरा कमी बोलू लागली. हरिणीला वाटले, ही काहीतरी लपवते आहे. वानरीने तिच्याकडे एकटक पाहिले की तिला वाटे, ही मला जोखते आहे. वानरीने पाहिले नाही तर वाटे, हिला नजर द्यायची नाही. चरताना ती सारखी मान वर करून झाडाकडे पाहू लागली. पूर्वी वानरी वर आहे म्हणून ती निर्धास्त चरायची. आता वानरी वर आहे म्हणूनच तिचा घास घशात अडकू लागला.

एकदा पलीकडच्या काठाने एक कोल्हा गेला. वानरी गप्प बसून राहिली. कोल्हा दिसल्याबरोबर हरिणी दचकली.

"तू बोलली का नाहीस?" तिने विचारले.

"अगं, कोल्हा होता तो. तुझं काय करणार होता?"

"आज कोल्हा. उद्या बिबट्या असेल आणि तेव्हाही तू अशीच बसशील."

वानरीने हातातले पान खाली ठेवले. "असं का म्हणतेस? मी कधी हाक चुकवली आहे?"

"अजून नाही चुकवली. पण तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. वेळ आली की तू श्वास रोखशील. माझ्याकडे एकदा बघशील आणि मान वळवशील. मग पानांवर पाय न वाजवता हळूच निघून जाशील. मी इथे पाणी पीत राहीन, मला कळणारही नाही."

हरिणीला खरोखर राग आला होता, आणि खरोखर भीतीही वाटत होती. वानरी कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिली. काही बोलावे म्हणून तिने तोंड उघडलेही, पण मग मिटले. ती वळून वरच्या बेचकीत जाऊन बसली आणि पिल्लाच्या अंगावरून हात फिरवू लागली.

'बघा, उत्तर नाही तिच्याजवळ,' हरिणी मनाशी म्हणाली. आणि गंमत अशी की तिला जरा हलके वाटले. कितीतरी दिवसांनी तिला त्या दुपारी झोप लागली.

मनात एकदा असे काही पक्के झाले की ते एकट्याने बाळगणे कठीण जाते. हरिणी नीलगाईकडे गेली. नीलगाय माळाच्या कडेला बोरीचा पाला खात होती.

"ताई, एक सांगू का? सांगावं की नाही, कळत नाही," हरिणी म्हणाली.

"सांग की."

"वानरीचा आता भरवसा राहिला नाही. ती वेळेला हाक देणार नाही. श्वास रोखेल, मान वळवेल आणि पानांवर पाय न वाजवता निघून जाईल."

नीलगाय खाता खाता थांबली. "तिनं कधी दगा दिला का?"

"दिला नाही अजून. पण देईल. माझ्या नाकाला वास येतो ना, तसं हे मला कळतं."

हरिणीचे नाक कधी चुकले नव्हते. नीलगाईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून बेहड्याकडची वाट सोडली. मग हरिणी रानडुकरिणीकडे गेली. रानडुकरिणीला चार पिल्ले होती, पाठीवर पट्टे असलेली, सारखी एकमेकांना ढुशा देणारी. तिला पोरांमागे धावताना श्वास घ्यायला फुरसत नसे. तिने सगळे ऐकून घेतले.

"मग तिची हाक आली तर काय करायचं म्हणतेस?" तिने विचारले.

हरिणीने हा विचार केलेला नव्हता. पण बोलता बोलता तो तिला सुचला. "ती हाक देईल तीही खोटी असेल. आपल्याला उगाच पळवायचं आणि डोहावर तिनं एकटीनं ताबा ठेवायचा. मी हाक देईन तेव्हा पळा म्हणजे झालं."

"बरं बाई, तू सांगतेस तर तसं," रानडुकरीण म्हणाली.

वानरीच्या कानावर हे गेले नसेल असे नाही. रानात कानावर न जाणारे असे काही नसते. पण ती कुणाशी भांडायला गेली नाही. रोज सकाळी ती बेहड्याच्या शेंड्यावर चढे आणि चहूकडे पाहत बसे. कुणी खाली चरायला येवो न येवो. हरिणी तिला लांबून पाही आणि म्हणे, किती साळसूद दिसते बघा.

वैशाखातल्या एका दुपारी सगळी जनावरे डोहावर आली होती. दुसरीकडे कुठे पाणीच नव्हते, त्यामुळे वानरीचे झाड टाळणारेही आले होते. रानडुकरीण काठच्या चिखलात लोळत होती आणि तिची पिल्ले थोड्या अंतरावर मुळे उकरत होती. नीलगाय पाणी पीत होती. पलीकडच्या कडेला एक म्हातारा गवा पोटापर्यंत पाण्यात उभा होता. तो कळपापासून वेगळा राहायचा आणि दिवसचे दिवस कुणाशी बोलायचा नाही. हरिणी जरा लांब, उंचवट्यावर होती. त्या दिवशी वारा तिच्या पाठीमागून वाहत होता. डोहापलीकडचा कसलाही वास तिला येणे शक्य नव्हते.

एकाएकी वानरी ओरडू लागली. खॅक, खॅक, खॅक. फांदी गदागदा हलवत ती पलीकडच्या गवताकडे पाहून ओरडत होती.

हरिणीचे पाय उचलले गेले. मग तिने ते परत टेकवले. नीलगाईने मान वर करून हरिणीकडे पाहिले. हरिणी पळत नाही हे पाहून ती पुन्हा प्यायला लागली. रानडुकरिणीने एक डोळा उघडला. "ओरडू दे," ती म्हणाली, "आपल्याला माहीत आहे ती कशी आहे." आणि तिने डोळा मिटला.

वानरीचा आवाज चिरकू लागला. ती झरझर खालच्या फांदीवर उतरली, आणखी खाली आली, इतकी की बिबट्याने उडी घेतली असती तर तीच त्याच्या पंजात आली असती. ती ओरडतच राहिली. तेव्हा पिवळे गवत मधोमध फाटले. बिबट्या आला आणि गेला. डोळ्यांनी नीट पाहावे इतकाही वेळ त्याला लागला नाही. चिखलात तीन पिल्ले आईकडे धावत होती आणि चौथे नव्हते.

नीलगाय माळाकडे उधळली. रानडुकरीण गवतात घुसली, दूरवर गेली, हुंगत हुंगत परत आली, पुन्हा गेली. बऱ्याच वेळाने ती परतली तेव्हा तिच्या नाकाला माती लागली होती. ती उरलेल्या तिघांना अंगाआड घेऊन उभी राहिली.

हरिणी उंचवट्यावरून खाली आली. तिला काहीतरी बोलणे भाग वाटले. "बघितलंस ना," ती म्हणाली, "हाक दिली, पण उशिरा दिली. मी सांगत होते तुला."

"उशिरा नाही दिली."

सगळ्यांनी वळून पाहिले. पाण्यात उभा असलेला गवा बोलला होता.

"मी इथेच होतो," तो म्हणाला. "तिनं हाक दिली तेव्हा बिबट्या त्या मोहाच्या झाडापलीकडे होता. दहा वेळा पळता आलं असतं."

हरिणी गोंधळली. "तुम्हाला माहीत नाही बाबा ती कशी आहे. मला माहीत आहे. ती श्वास रोखते, मान वळवते आणि वाळक्या पानांवर पाय न वाजवता..."

"तेच मला कळत नाही," गवा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "नीलगाईनं मला तुझं हे बोलणं सांगितलं, तेव्हापासून मी विचार करतो आहे. वानरी पळते ती फांद्यांवरून. तिला पानांवर पाय वाजायची भीती कशाला असेल? खूर जपून टाकत मागं सरायचं, हे वानराचं पळणं नव्हे. हे हरणाचं पळणं आहे. तू कुणाला पळताना पाहिलंस, पोरी?"

हरिणी वळली आणि निघून गेली.

ती प्रथम गव्यावर रागावली. म्हातारा झालाय, भ्रमिष्ट झालाय, असे म्हणत ती डोंगराच्या उताराला लागली. पण चालताना तिच्या खुरांखाली वाळकी पाने वाजत होती, आणि प्रत्येक पावलाला ती नकळत खूर जपून टाकू लागली. तेव्हा ती थांबली. ते पाऊल तिच्या ओळखीचे होते.

दोन दिवस ती उतारावर एकटी राहिली. तहान लागली तरी ती डोहाकडे गेली नाही. ज्या गोष्टीकडे तिने एवढे दिवस पाहायचे टाळले होते ती आता तिच्यासमोर उभी होती. वारा उलटा नव्हता. तो सरळ तिच्या तोंडावर येत होता. वास आला होता. तिने वानरीची पाठ पाहिली होती आणि मान वळवली होती. मग वानरीविषयी ती जे जे बोलली ते कुठून आले होते? वानरीने तर त्यातले एकही केले नव्हते. ती सगळी हरिणीचीच दुपार होती. तिने ती उचलून वानरीच्या अंगावर घातली होती आणि नंतर त्या अंगाला भिऊ लागली होती. स्वतःला भित्री म्हणणे तिला जमले नव्हते, म्हणून तिने वानरीला दगाबाज ठरवले होते. आणि या सगळ्यात एक पिल्लू गेले होते.

हे कळल्यावर तिला रडू आले का, ते मी सांगू शकत नाही. हरणांचे डोळे नेहमीच ओले दिसतात. पण तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती उठली आणि थेट बेहड्याखाली जाऊन उभी राहिली.

वानरी वर होती. तिने हरिणीला पाहिले, पण हाक मारली नाही.

"वारा उलटा नव्हता," हरिणी म्हणाली.

वानरीने पिल्लू जवळ ओढले.

"मला वास आला होता. मी घाबरले. मला आवाज काढता आला असता की नाही, मला माहीत नाही, पण मी प्रयत्न केला नाही. तुला तिथंच ठेवून मी पळाले. आणि नंतर तुला नावं ठेवली."

वानरी हळूहळू दोन फांद्या खाली आली. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

हरिणीला वाटले आपण चुकीचे ऐकले. "काय माहीत होतं?"

"मी पाण्यावर वाकले होते ना, तुझी सावली पाण्यात पडली होती. तुझे कान ताठ झालेले दिसले. मग तू मान वळवलीस आणि मागं सरलीस, तेही दिसलं. म्हणून तर मी उडी घेतली. तू पळताना दिसली नसतीस तर आज मी नसते, आणि हे पिल्लूही नसतं."

"आणि तरी तू वाऱ्याचं म्हणालीस?"

"तुला माझ्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, आज वाऱ्यावर ढकलू, दोन दिवसांनी ही आपणहून सांगेल." वानरीने तुटक्या शेपटीवरून हात फिरवला. "तिथं माझं चुकलं असेल. तुला पळायला मीच एक वाट करून दिली. पण तुझ्या त्या पळण्याचा मला राग नव्हता, खरंच नव्हता. भीतीनं माझ्याही हातून फांदी सुटली आहे कधी कधी. तू माझ्यासमोर उभी राहून माझं मन मला सांगू लागलीस ना, ते दुखलं. मी काय करणार होते सांग? तू जे जे म्हणत होतीस ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण तुझ्यात पाहिलं होतं. आणि ते तुला सांगितलं असतं तर मी सूड घेते आहे असं तुला वाटलं असतं."

हरिणी मान खाली घालून उभी होती. "मला माफ करशील?"

वानरीने थोडा विचार केला. "करीन. पण आज नाही. आज तू आधी रानडुकरिणीकडे जा."

मुलांनो, डोहापासून रानडुकरिणीच्या जाळीपर्यंतचे अंतर फार नव्हते. हरिणीने ते कितीतरी वेळा चार उड्यांत तोडले होते. त्या दिवशी तिला अर्धी दुपार लागली. रानडुकरीण सावलीत पडून होती. तिन्ही पिल्ले तिला बिलगली होती. ती त्यांना आता दूर जाऊ देत नव्हती.

हरिणीने सगळे सांगितले. वास, पळणे, वाऱ्याचे खोटे, वानरीला ठेवलेली नावे. मधे एकदा तिला 'मी फार घाबरले होते' असे म्हणावेसे वाटले. पण मुलाला मुकलेल्या आईसमोर ते बोलायचे नसते, हे तिला कळले आणि ती ते गिळून पुढे बोलत राहिली.

रानडुकरीण ऐकत होती. तिने शेवटी एवढेच म्हटले, "हे तू मला तेव्हाच सांगितलं असतंस तर ही चार असती." आणि तिने तोंड फिरवले.

हरिणी नीलगाईकडेही गेली. नीलगाय फटकळ होती. "म्हणजे ज्या नाकावर मी विसंबले ते नाक तुझा स्वतःचाच वास हुंगत होतं तर," ती म्हणाली. हरिणीने तेही ऐकून घेतले. चार दिवसांत सगळ्या रानाला कळले. वानरीच्या झाडाखाली जनावरे पुन्हा चरू लागली. हरिणीपासून मात्र ती चार पावले दूर राहू लागली. 'भरवशाची' हा शब्द तिच्या कानावर पुन्हा आला नाही. पहिले काही दिवस तो शब्द नसल्याचे तिला फार जाणवले. मग तिच्या लक्षात आले की त्या शब्दासाठीच आपण एवढे सगळे केले, आणि त्याच्याशिवायही गवत खाता येते. वानरी अधूनमधून तिच्याशी बोलू लागली. पहिल्यासारखे भरभरून नाही, पण बोलायची. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "जाऊ दे आता ते." त्या दुपारी हरिणी सूर्य कलेपर्यंत तिथेच बसून राहिली.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मनाची एक सवय असते, ती एका दिवसात जात नाही.

पाऊस येऊन गेला, गवत गुडघ्याएवढे झाले. हरिणी आता रोज उंचवट्यावर उभी राहून पहारा करायची, कुणी सांगितले नसतानाही. रानडुकरीण तिन्ही पोरांना घेऊन समोरून जायची आणि हरिणीकडे न पाहता जायची. असे आठ दिवस चालले, पंधरा दिवस चालले. हरिणीच्या मनात हळूच बोलणे सुरू झाले. ही माझा द्वेष करते. हिला मी या रानात नको आहे. ही कळपांना सांगून मला इथून हाकलून लावणार. हे बोलणे एवढे ठाम होते, एवढे स्पष्ट होते, की हरिणी ते ऐकत उभी राहिली.

आणि मग तिला ते ओळखू आले. असेच ठाम, असेच स्पष्ट बोलणे तिने पूर्वी एकदा ऐकले होते. तिने स्वतःला विचारले, या रानात मी नको, असे वाटते ते नक्की कुणाला? उत्तर यायला वेळ लागला नाही. रोज सकाळी उठल्यावर ती स्वतःच ते म्हणत असे.

पण रानडुकरिणीच्या मनात काय आहे ते अजूनही तिला माहीत नव्हते. ते उंचवट्यावर उभे राहून कळण्यासारखेही नव्हते. तेव्हा हरिणी खाली उतरली आणि वाटेत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "माझ्या मनानं काहीतरी घेतलंय, पण माझ्या मनावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. म्हणून तुलाच विचारते. मी इथून निघून जावं असं तुला वाटतं का?"

रानडुकरीण थांबली. तिने कितीतरी दिवसांनी हरिणीच्या डोळ्यांकडे पाहिले.

"राग आहे मला," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? कधी थोडा असतो, कधी पुष्कळ असतो. तो जाईल की नाही मला माहीत नाही. पण तू निघून जावंस असं माझ्या मनात कधी आलं नाही. परवा तू हाक दिलीस तेव्हा मी पोरांना घेऊन पळाले की नाही?"

"पळालीस."

"मग तेच बघ की. माझ्या मनात काय आहे ते तू कशाला शोधत बसतेस? मी काय करते ते बघ, आणि कळलं नाही तर असंच येऊन विचार."

एवढे बोलून ती निघाली. पिल्ले तिच्यामागे गेली. सर्वांत धाकटे हरिणीच्या पायाशी घुटमळले, तिथली माती त्याने उकरून पाहिली, एक मूळ सापडले ते खाल्ले, आणि मग धावत जाऊन आईला गाठले. आईने मागे वळून पाहिले होते, पण त्याला हाक मारली नव्हती.

तात्पर्य : आपल्यातले जे आपल्याला पाहवत नाही, ते आपण नकळत दुसऱ्याच्या अंगावर पाहू लागतो. म्हणून कुणाविषयी मन फार ठामपणे वाईट बोलू लागले, की ते आधी आपल्यातच आहे का ते पाहावे, आणि उरलेले त्या दुसऱ्यालाच जाऊन विचारावे.